धर्मादाय फॅशन शो करतोय, लोक शेवटपर्यंत खुर्चीत कसे बसतील?

कोथिंबीरवडी

नमस्कार मंडळी,

डोंबिवलीत आमच्या कॉम्प्लेक्समधल्या बायकांचा ग्रुप आहे. हळदीकुंकू, भोंडला, मंगळागौर हे दरवर्षीचं ठरलेलं. यंदा त्यातून कुणाच्या तरी उपयोगी पडावं असं ठरलं. शेजारच्या तालुक्यात मुलींचं एक वसतिगृह आहे, पाड्यांवरून आलेल्या मुली तिथे राहून शाळा शिकतात. त्यांना दुमजली लोखंडी पलंग आणि गच्चीवर सोलर हीटर हवाय. दोन्ही मिळून प्रकरण अडीच लाखांच्या घरात जातं.

मीटिंगमध्ये कुणीतरी 'फॅशन शो' म्हणालं आणि बायकांचे डोळे चमकले. नवऱ्यांचे पांढरे झाले. रॅम्पवर चालणार आम्हीच, म्हणजे दुसरीतल्या नातीपासून पंच्याहत्तरीच्या आजीपर्यंत. बाहेरून मॉडेल वगैरे कुणी नाही.

अडचण अशी की मी आजवर पाहिलेल्या अशा शोंमध्ये एक बाई येते, कमरेवर हात ठेवते, वळते, जाते. मग दुसरी येते आणि तेच करते. पाचवीनंतर लोक मोबाइल काढतात. तिकीट लावायचं तर पैसे वसूल झाले असं वाटायला हवं ना? थीम, जागा, गाणी, परवानग्या, जे सुचेल ते सांगा. टिंगल केलीत तरी चालेल, पण तिच्यासोबत एक कामाची सूचना द्यावी लागेल.

शेंगदाणाकूट

वाचतेय. आमच्याकडेही पुढच्या वर्षी हाच घाट घालायचाय.
नवऱ्यांना तिकीटविक्रीला बसवा, डोळे आपोआप जागेवर येतील. (ही कामाची सूचना.)

विंगेतला

हौशी नाटकांची प्रकाशयोजना करतो, त्यामुळे अंधारात बसून प्रेक्षक कधी चुळबुळ करतो ते बघायची सवय आहे.

अशा कार्यक्रमाला लोक कपडे बघायला येत नाहीत, ओळखीचं माणूस बघायला येतात. एरवी गाऊनवर ओढणी घेऊन दूध आणायला उतरणाऱ्या काकू फेटा बांधून आल्या की शिट्टी पडणारच. ही तुमची खरी पुंजी. व्यावसायिक शोची नक्कल करायला गेलात तर ती हातची जाईल. त्यांच्यासारखं निर्विकार तोंड करून चालायचं तर मुळीच शिकवू नका.

आता वेळ. विंगेतून टोकापर्यंत आणि परत, एका व्यक्तीला ४५ सेकंद लागतात. ४० जणी एकेकट्या चालल्या तर अर्धा तास सलग तेच दृश्य. म्हणून एकटीने चालणाऱ्या आठ-दहाच ठेवा, बाकी जोड्या आणि घोळके. घोळक्याला एखादा प्रसंग द्या. तुम्ही डोंबिवलीच्या, मग लोकलचा 'लेडीज डबा' करा की! सत्तरच्या दशकातली साडी-पर्सवाली, नव्वदीतली पंजाबी ड्रेसवाली, आजची कुर्ती-जीन्स आणि पाठीवर लॅपटॉपची सॅक. कुणी चौथ्या सीटसाठी सरकायला सांगतंय, कुणी भाजी निवडतंय, कुणी एका हाताने कडी धरून दुसऱ्याने लिपस्टिक लावतंय. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतल्या नोकरदार बायकांचा सगळा पोशाख त्यात येतो आणि कुणालाही समजावून सांगावा लागत नाही.

अर्धा शो निवेदनावर चालतो. "आता येत आहेत सौ. अमुकतमुक, त्यांनी परिधान केली आहे सुंदर पैठणी" हे ऐकून झोप येते. त्याऐवजी असं ऐकवा: "ही साडी १९८४च्या दिवाळी बोनसमधून घेतलेली आहे. सासूबाईंना किंमत निम्मी सांगितली होती. सासूबाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत." प्रत्येकीकडून एका कागदावर अशी दोन वाक्यं लिहून घ्या. निवेदिका कितीही हजरजबाबी असली तरी तिच्या भरवशावर राहू नका.

आणि हात जोडून विनंती, सत्कार टाळा. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, मनोगत यात पाऊण तास सहज जातो. प्रमुख पाहुणे बोलवावेच लागले तर त्यांनाही रॅम्पवर चालवा, भाषण आपोआप टळतं.

कोथिंबीरवडी

विंगेतला, दूधवाल्या काकू तुम्हाला कशा ठाऊक? :)
'लेडीज डबा' फायनल. लिपस्टिकसाठी तीन जणी आत्ताच भांडतायत.

हिशेबनीस

उत्साहावर पाणी ओतायचं काम माझ्याकडे.

२५० खुर्च्या गुणिले ३०० रुपये म्हणजे ७५,०००, तेही हाउसफुल्ल गेलं तर. हॉल, मंडपवाला, साउंड, लाइट, चहा-वडा यांत त्यातले बहुतेक उडतील. म्हणजे तिकिटातून फार तर खर्च भागेल. अडीच लाख दुसरीकडून आणावे लागतील, आणि ते कार्यक्रमाच्या आधी. पडदा वर जाईपर्यंत निम्म्याहून जास्त रक्कम जमलेली नसेल तर त्या रात्री चमत्कार होत नसतो.

आपल्याकडचा जुना खात्रीचा मार्ग म्हणजे स्मरणिका. सराफ, साडीवाले, क्लासवाले, डेंटिस्ट, बिल्डर, सगळे जाहिरात देतात, कारण तुम्ही त्यांच्या गिऱ्हाईक आहात. आणि मागताना 'वसतिगृहाला मदत' असं मोघम बोलू नका. एका पलंगाची गादीसकट किंमत काढा आणि "तुमच्याकडून किती पलंग लिहू?" असं विचारा. माणूस वही उघडलेली पाहिली की आकडा सांगतो.

कागदपत्रांचं बघा. तुमचा ग्रुप नोंदणीकृत नसेल तर धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधलं कलम ४१ क लागू होतं. गणेश मंडळं दरवर्षी वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाकडून परवानगी घेतात तीच ही. त्यापेक्षा सोपं म्हणजे वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेलाच आयोजक करा, तिचाच क्यूआर कोड छापा, पैसे थेट तिच्या खात्यात जाऊ द्या. कुणा ताईंच्या गूगल पेवर अजिबात घेऊ नका. ताई सज्जन असतात, पण हिशेब विचारला की मैत्री तुटते.

८०जी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आयकर वजावटीच्या पावतीचा गोंधळही आधीच मिटवा. तिकिटाच्या बदल्यात प्रेक्षकाने कार्यक्रम पाहिला, ती देणगी नव्हे, तिला पावती नाही. वेगळी देणगी दिली तर मिळेल, पण २,००० रुपयांच्या वरची रोख देणगी वजावटीला चालत नाही आणि नवी करप्रणाली घेतलेल्याला ही वजावट नाहीच.

तिकिटावर 'लकी ड्रॉ' छापायचा मोह होईल. पैसे घेऊन सोडत काढणं लॉटरीच्या कायद्याच्या कक्षेत येतं, तो नाद सोडा. लिलाव करा. गणपतीच्या प्रसादाचे लिलाव पाहिलेला आपला माणूस बोली लावायला लाजत नाही.

नमू_एडिसनवाली

हिशेबनीस म्हणतात ते अमेरिकेतल्या एका जुन्या उदाहरणावरूनही दिसतं. 'एबनी फॅशन फेअर' म्हणून कृष्णवर्णीय समाजाचा फिरता धर्मादाय फॅशन शो होता. १९५८ ला सुरू झाला आणि २००९ पर्यंत चालला, यूनिस जॉन्सन यांनी वाढवला. तो गावोगाव जायचा आणि तिकिटं खपवायच्या त्या-त्या गावातल्या संस्था. तिकिटाच्या किमतीतच 'एबनी' मासिकाची किंवा 'जेट' साप्ताहिकाची वर्गणी असायची, त्यामुळे घेणाऱ्याच्या हातात नंतरही काहीतरी येत राहायचं. पन्नास वर्षांत ५ कोटी डॉलरहून जास्त रक्कम चांगल्या कामांना गेली.

तुम्ही तिकिटासोबत एखादा दिवाळी अंक द्या. किंवा बचतगटाच्या चटणीची पुडी.

आणि आमच्यासारख्या परदेशात राहणाऱ्यांनी पैसे पाठवायचे म्हटलं तर जपून. माझ्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे, तेव्हा माझी देणगी विदेशी धरली जात नाही. माझी बहीण अमेरिकन नागरिक झाली, तिच्याकडे ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं कार्ड) आहे, तिची मात्र धरली जाते. संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी नसेल तर तिच्याकडून एक डॉलरही घेता येणार नाही. नोंदणी असली तरी पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खास खात्यातच यावे लागतात. आधी संस्थेला विचारा, मग व्हॉट्सॲपवर परदेशी भाच्यांना आवाहनं करा.

चकलीचा_सोऱ्या

एक कल्पना: वसतिगृहातल्या पाच-सहा मुलींनाच छान कपडे घालून शेवटी रॅम्पवर आणलं तर? लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल, देणग्या वाढतील.

पाटीपेन्सिल

सोऱ्या, हेतू चांगला असेल, पण हे करू नका. मी शाळेत शिकवते. त्या मुलींना उद्या त्याच तालुक्यात, त्याच बसने फिरायचंय. 'मदत मिळालेल्या मुली' म्हणून अडीचशे मोबाइलमध्ये त्यांचे फोटो जाणार. शिवाय काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली म्हणून एखादीची नोंद असेल तर तिची ओळख माध्यमांतून उघड करायला बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ नुसार सरळ मनाई आहे.

लोकांना रडवून पैसे काढायचेत की हसवून, हे एकदा ठरवा. इथल्या गप्पांवरून तर हसवायचं ठरलेलं दिसतंय.

केमोनंतर_कुरळे

पाटीपेन्सिलला अनुमोदन, पण दुसरी बाजूही सांगते. मुंबईत कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनसाठी झालेल्या शोमध्ये कॅन्सरमधून बरे झालेले लोक मोठमोठ्या नटनट्यांसोबत रॅम्पवर चालले आहेत. मी स्वतः त्या आजारातून गेलेय आणि मला विचारलं असतं तर मी नाचत गेले असते. फरक एवढाच की ती वयाने मोठी माणसं, आपल्या मर्जीने आलेली, आणि नाही म्हणायची त्यांना मोकळीक होती. वसतिगृहातली मुलगी वॉर्डनबाईंना नाही म्हणू शकेल का?

मुलींना काही करायचंच असेल तर त्यांनी रंगवलेली, शिवलेली एखादी वस्तू लिलावात ठेवा. त्यांचं काम दिसू दे, चेहरे नकोत.

चकलीचा_सोऱ्या

पटलं. कल्पना मागे घेतो.

माळ्यावरची_ट्रंक

थीमचं माझ्यावर सोडा, आयडीच तसा आहे. 'आजीची ट्रंक' करा. प्रत्येकीने घरातलं सर्वात जुनं वस्त्र आणायचं. लग्नातला शालू, इरकली, खणाच्या चोळ्या, आजोबांचा लोकरी कोट, काळी टोपी, बारशाचं कुंची-झबलं. नवीन काही शिवायचं नाही म्हणजे खर्चही नाही.

पण जुन्या रेशमाची काळजी आत्तापासून घ्या. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेला शालू वरून धडधाकट दिसतो. नेसताना निऱ्या चापून बसवल्या की घडीवर चर्रकन जातो, आणि तोही पदराजवळ, जिथे जर जड असते तिथे. महिनाभर आधी बाहेर काढा, सावलीत दोरीवर टाका, डांबरगोळीचा वास जाऊ दे. मग घडीची रेघ खिडकीच्या उजेडासमोर धरून बघा. रेघेतून उजेड झिरपताना दिसला तर तो शालू नेसायचा नाही. खांद्यावरून उपरण्यासारखा दोन्ही हातांवर तोलून आणायचा, त्याला तशीही दाद मिळते. जरीत पिन थेट खुपसू नका, खाली जुन्या सुती कापडाचा तुकडा ठेवा.

उसन्या आणलेल्या साड्यांची वही हवीच. साडीचा फोटो, कुणाची, कुणाला दिली, आधीचे डाग कुठे. आणि साडी नेसल्यापासून उतरवेपर्यंत बटाटेवडा बंद!

एक खेळ सुचतोय. रॅम्पवर दोन पैठण्या आणा, एक येवल्याच्या हातमागावरची, एक यंत्रमागावरची नक्कल. प्रेक्षकांनी ओळखायचं. मग दोघींनी पदर उलटा करायचा आणि कॅमेऱ्याने पडद्यावर जवळून दाखवायचं. हातमागाच्या पदरावरचा मोर मागूनही जवळपास तसाच दिसतो, नकलेच्या मागे सुट्या धाग्यांचं जंजाळ असतं. निम्मा हॉल आपापल्या बायकोच्या पदराची उलटी बाजू बघायला लागेल, जबाबदारी माझी नाही.

वेसावकर

छान चाललंय. फक्त एक. अशा कार्यक्रमांत 'महाराष्ट्रदर्शन' नावाचा प्रकार घुसतो आणि कुणीतरी डोक्यावर रिकामी टोपली घेऊन, कंबर हलवत कोळीण म्हणून येते. माझी आई आयुष्यभर मासळी विकायला बसली, तिने अशी कंबर कधी हलवली नाही. लुगडं कसं नेसतात ते दाखवायचंय? मग तुमच्या मार्केटमधल्या मावशीलाच बोलवा. फुलाफुलांचं लुगडं, अंगावर सणाचं सोनं, अशी ती स्वतः चालली तर तुमच्या सगळ्या शोवर भारी पडेल. वारली, धनगर, लमाण, सगळ्यांना हेच लागू.

कोथिंबीरवडी

वेसावकर, आमच्या बाजारातल्या मावशीला आजच विचारलं. ती म्हणाली, "चालेन, पण संध्याकाळच्या धंद्याचं काय ते बोला." बोललो. ती येतेय.

विंगेतला

ही बाई शेवटून दुसरी ठेवा. तिच्यानंतर कुणी उभं राहू शकणार नाही.

कायद्याचं_बोला

गाण्यांचा विषय कुणी काढला नाही, म्हणून मी.

'चांगल्या कामासाठी आहे, लायसन्स कशाला' हा समज सर्रास दिसतो. लग्नकार्यातल्या आणि धार्मिक विधींतल्या गाण्यांना कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये सवलत आहे. हौशी मंडळाला असलेली सवलत फुकट कार्यक्रमापुरती किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीपुरती आहे. तिकीट लावून वसतिगृहासाठी केलेला शो यात बसत नाही. रेकॉर्ड केलेली सिनेमाची गाणी वाजवायची तर पीपीएल, आयपीआरएस वगैरे गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थांकडून रीतसर लायसन्स घ्या आणि बजेटमध्ये धरा. हॉलवालाही बहुधा मागेलच. तिकीट लावलेल्या कार्यक्रमाची पोलीस ठाण्याची परवानगी वेगळी. उघड्यावर करणार असाल तर रात्री दहाला लाउडस्पीकर बंद.

दुसरा पर्याय मला जास्त आवडतो. जिवंत वाद्यं ठेवा. ढोलकी, संबळ, हलगी आणि ओव्या म्हणणाऱ्या दोन-तीन आज्या. जात्यावरच्या पारंपरिक ओव्यांवर कुणाचा हक्क नाही. शिवाय ढोलकीवाला चालणाऱ्याच्या पावलाकडे बघून लय धरतो. आजी मध्येच थांबली तर तोही थांबतो. पेनड्राइव्ह थांबत नाही.

पायताण

कोल्हापुरातून लिहितोय, त्यामुळे चपलेवर यावंच लागेल. जून २०२५ मध्ये मिलानला प्राडाच्या शोमध्ये आमच्या चपलेसारखी चप्पल रॅम्पवर आली आणि कोल्हापूरचं नाव नाही, म्हणून केवढा गहजब झाला ते आठवत असेल. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. तेव्हा तुमच्या शोमध्ये तरी विणणाऱ्याचं, शिवणाऱ्याचं नाव निवेदनात येऊ द्या. जमलं तर हॉलबाहेर त्यांना टेबल द्या, भाडं न घेता.

मिजवानचा शो बघा. आझमगडजवळच्या, शायर कैफी आझमींच्या गावातल्या बायका चिकनकारी करतात, फॅशन डिझायनर मनीष मल्होत्रा ते कपडे मुंबईत रॅम्पवर आणत आलेत आणि पैसा मिजवान वेल्फेअर सोसायटीच्या कामाला जातो. ज्यांच्यासाठी शो, त्यांचंच काम रॅम्पवर. हे उसासे टाकण्यापेक्षा बरं.

जाता जाता: नवी कोल्हापुरी करकर वाजते. आवाज हवा असेल तर छानच, पण सिंथेटिक कार्पेटवर ती घसरते. आठवडाभर घरात वापरून मगच रॅम्पवर घाला.

हिशेबनीस

परत आलो. रॅम्प 'टी'च्या आकाराचा, धुराचं मशीन, ड्रोन अशा गोष्टी कुणीतरी सुचवेलच, म्हणून आधीच सांगून ठेवतो. 'फॅशन फॉर रिलीफ' ही सुपरमॉडेल नाओमी कॅम्पबेल यांनी २००५ मध्ये सुरू केलेली, झगमगत्या शोंसाठी गाजलेली संस्था. ब्रिटनच्या चॅरिटी कमिशनने चौकशी केली तेव्हा एप्रिल २०१६ ते जुलै २०२२ या काळातल्या तिच्या एकूण खर्चापैकी फक्त ८.५ टक्के रक्कम अनुदानं म्हणून चांगल्या कामांना गेल्याचं आढळलं. २०२४ मध्ये कॅम्पबेल यांना पाच वर्षं विश्वस्त व्हायला बंदी झाली. त्यांनी त्याला आव्हान दिलं, त्यांचं म्हणणं कारभार त्यांच्या हातात नव्हता. ते असो. आपण आपलं बघायचं: जमा १०० रुपयांतले शोवर किती आणि वसतिगृहाला किती, हा आकडा तिकीट छापायच्या आधी ठरवा आणि स्मरणिकेच्या पहिल्या पानावर टाका.

भिंगरी

जागेचं सांगते. नाट्यगृहात ठरलेल्या वेळेचं सत्र मिळतं, त्यातच मांडामांड, शो आणि आवराआवर. नवख्यांना ते झेपत नाही. मंगल कार्यालय घ्या, पौषात किंवा पितृपक्षात. मुहूर्त नसल्यामुळे कार्यालयवाला भाव करतो, वधूपक्षाची खोली आरशांसकट ग्रीनरूमला मिळते आणि अख्खा दिवस हातात राहतो.

शेंगदाणाकूट

पितृपक्षात फॅशन शो? आमच्या सासूबाई तिकीट काढणार नाहीत, उलट माझं श्राद्ध घालतील.

भिंगरी

मग पौष. :D

आणि उंच रॅम्प बांधूच नका. मंडपवाल्याचे प्लॅटफॉर्म जोडले की मध्ये फट राहते, त्यात नऊवारीतल्या आजींचं पाऊल अडकायला कितीसा वेळ? सपाट जमिनीवर मधोमध वाट ठेवा, दोन्ही बाजूंना तीन-तीन रांगा, मागची रांग उंचावर. सगळ्यांना पायापासून दिसतं, मंडपाचा खर्च वाचतो, शिवाय चालणारी माणसं नातेवाइकांच्या हाताशी येतात, टाळी देता येते.

आतल्या बाजूला एकच बाई हुकूम देणारी. दारावर मोठ्या अक्षरात क्रमाची यादी, प्रत्येकीच्या हाताला नंबर. सेफ्टी पिना, सुईदोरा, परकराच्या जादा नाड्या, यू-पिना, टिकल्या आणि एक लहान कात्री, हे सगळं एका डब्यात, आणि डबा एकीच्याच ताब्यात. मध्ये कपडे बदलणं कुणालाच नको. नऊवारी नेसवायला नेसवणारी तरबेज असली तरी वेळ जातोच, आणि बाहेर ढोलकीवाला किती वेळ रेटणार?

कोथिंबीरवडी

सगळ्यांचे आभार. काल मीटिंग झाली.

पौषातला रविवार, मंगल कार्यालय, सपाट रॅम्प. कार्यक्रम संस्थेच्या नावाने, क्यूआर तिचाच. 'लेडीज डबा', 'आजीची ट्रंक', मध्ये पैठणीचा खेळ, शेवटी लिलाव. लिलावात मुलींनी रंगवलेल्या पिशव्या आणि बचतगटाच्या बायकांनी जुन्या साड्यांच्या शिवलेल्या चार गोधड्या. दोन आज्या ओव्यांना तयार आहेत. तिसरी म्हणाली, मला गायचं नाही, चालायचंय.

स्मरणिकेच्या सात जाहिराती आल्यात. पलंगांची वही उघडून बसलो तर पहिल्याच संध्याकाळी नऊ पलंग लिहिले गेले, त्यातले दोन डोळे पांढरे झालेल्यांकडून.

नगरसेवकांचा सत्कार करावा की नाही यावर मात्र एकमत होत नाहीये. निम्म्या म्हणतात करावाच लागेल.

विंगेतला

फेटा बांधून 'लेडीज डब्या'त चुकून चढलेला प्रवासी करा त्यांना. बायका उतरवून देतील.

हिशेबनीस

आधी जाहिरातीचे पैसे घ्या, मग उतरवा.